जूनचे पैसे

मुलांच्या संस्थेला पैशाची खरी ओढाताण होते ती जूनमध्ये. शाळा उघडतात. फी, गणवेश, वह्या, रेनकोट, रिक्षावाल्याचे आगाऊ पैसे, सगळं एका पंधरवड्यात दारात येऊन उभं राहतं. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू-तांदूळ भरलेला असतो, त्याची दुकानदाराकडची बाकी तोवर फिटलेली नसते. आणि नेमकं तेव्हाच पावतीपुस्तक थंड पडलेलं असतं. त्यात देणाऱ्यांचा दोष नाही, जून त्यांच्याही घरी असतो. त्यांना संस्था आठवते ती पितृपक्षात, मग दिवाळीत, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तर इतकी आठवते की फोन खाली ठेवायला उसंत मिळत नाही.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये हिशेब खात्यात माझी नोकरी झाली. जिथे नोटा छापतात तिथे आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर नोटा कुठून आणायच्या या विवंचनेत पडले, असं घरचे चिडवतात. शहराच्या कडेला असलेल्या मुलींच्या एका बालगृहाच्या वह्या मी सांभाळते. चाळीसेक मुली आहेत, बाल कल्याण समितीच्या आदेशाने आलेल्या. कुणाचे आईवडील नाहीत, बऱ्याच जणींचे आहेत पण सांभाळू शकत नाहीत. संस्थेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर हा लेख राहणार नाही, आवाहन होईल, आणि आवाहनं लिहून हात दुखला आहे.

आमचं आर्थिक वर्ष कागदोपत्री एक एप्रिलला सुरू होतं. प्रत्यक्षात ते भाद्रपदात सुरू होतं. गणपती उठले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून फोन येतात. रामकुंडावर विधी झाला, आता चार तोंडांत घास जावा अशी इच्छा असते. “ताई, परवा वडिलांची तिथी आहे, मुलींना जेवण द्यायचंय.” पंधरा दिवस आमच्या मुली तांदळाची खीर, भरड्याचे वडे, गवार, भोपळा आणि आमसुलाची चटणी खातात. सर्वपित्री अमावास्येला तर चार-पाच घरं एकदम विचारतात. बालगृहाच्या ताई डायरी उघडून अजिजीने सांगतात, “काका, त्या दिवशी दोन्ही वेळचं जेवण लागलंय हो. श्रावणात नाहीतर ज्येष्ठात दिलंत तर?” काकांची अडचण खरी असते. तिथी हलवता येत नाही. काही जण मग दुसरी संस्था गाठतात. काही जण म्हणतात, बरं, पैसे ठेवा, तुम्हाला लागेल तेव्हा वापरा. अशा माणसाचं नाव मी वहीत जरा मोठ्या अक्षरात लिहिते. हिशेबशास्त्रात त्याला आधार नाही.

एकदा एक छोटी मुलगी ताईंना म्हणाली, “हे सगळे आजोबा एकाच महिन्यात कसे वारले?” ताईंना उत्तर सुचलं नाही. मला अजून सुचलेलं नाही.

दुसऱ्याच्या घासावर शिकणं आपल्याकडे जुनं आहे. सात घरी सात वार लावून जेवलेला एखादा पूर्वज पुष्कळ घराण्यांत सांगितला जातो. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. व्यवस्था म्हणून पाहिलं तर वार फार हुशारीचे होते. एका घरावर भार नाही, मुलाला रोज जेवण, आणि सोमवारच्या घरातल्या बाईला ठाऊक असायचं की या पोराला किती पोळ्या लागतात आणि आज त्याचं तोंड का उतरलंय. पण त्या आठवणी सांगताना आपण एक गोष्ट गाळतो. वार सगळ्यांना लागत नसत, जात पाहून लागत. ज्यांना ओसरीवर चढता येत नव्हतं त्यांच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढावी लागली, आणि बोर्डिंग म्हटलं की वर्गणी आली. आपल्या नाशकातच १९२० च्या एप्रिलमध्ये शाहू महाराजांच्या हस्ते उदाजी विद्यार्थी वसतिगृहाच्या इमारतीची पायाभरणी झाली. गंगापूर रोडवरचं डोंगरे वसतिगृह आज बहुतेकांना प्रदर्शनांच्या मैदानामुळे माहीत असतं, त्या नावात एक वसतिगृह आहे हे बोलताना लक्षातही येत नाही. तिकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. त्याच १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं.

मंगळसूत्र आणि १५ लाख या दोन टोकांमध्येच आजही सगळ्या संस्था उभ्या आहेत. नाव लावण्यात मला गैर वाटत नाही. ठाकरशांच्या आईच्या नावाने किती मुली शिकल्या! गैर इतकंच की आमच्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांना नाव हवं असतं आणि नाव भिंतीलाच लागतं. रात्रपाळीच्या मावशींना कुणाच्या आईचं नाव कसं लावणार? तिथेच त्यांच्या पगाराचं अडतं.

आमच्या कपाटात सर्वांत जुनी वही आहे ती ‘कायम तिथी ठेव’ योजनेची. ही योजना महाराष्ट्रातल्या कितीतरी आश्रमांत, वृद्धाश्रमांत, देवळांत सापडेल. एकदाच ठरावीक रक्कम द्यायची. संस्था ती बँकेत ठेवणार, मुद्दलाला हात लावणार नाही, आणि दरवर्षी तुमच्या माणसाच्या तिथीला व्याजातून जेवण देणार. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्याकडे ही रक्कम ५,००० रुपये होती. बँका तेव्हा ठेवीवर ११-१२ टक्के व्याज देत. वर्षाचे ६०० रुपये सुटायचे. मुली तेव्हा कमी होत्या, गॅसही स्वस्त, सहाशेत वरण-भात-पोळी-भाजी आणि वर शिरा व्हायचा. पावतीवर छापलं होतं: ‘आचंद्रसूर्य’.

चंद्रसूर्य आहेत जागेवर. व्याज राहिलं नाही. आज साडेसहा टक्क्यांनी त्याच ५,००० वर ३२५ रुपये सुटतात. त्यात पाच लिटर दूध येतं, म्हणजे एका मुलीला जेमतेम अर्धा पेला. आजच्या भावाने साधं एक वेळचं जेवण ताटाला ८० रुपये धरलं तर चाळीस मुलींचे ३,२०० होतात. तेवढं व्याज सुटायला पन्नास हजारांच्या आसपास ठेव लागेल. पण वहीत शब्द दिलेला आहे, म्हणून त्या तिथीला फळ्यावर नाव लिहिलं जातं, मुली जेवायला बसण्याआधी ते वाचतात आणि वदनी कवळ म्हणतात. जेवण कुठल्या तरी दुसऱ्याच पैशातून झालेलं असतं. कधी मागच्या मार्चच्या, कधी एखाद्या डॉक्टरीणबाईंनी न सांगता खात्यात टाकलेल्या पैशातून. एकाच्या पैशाने दुसऱ्याचं पुण्य चालतं. मला यात काही खटकत नाही. हिशेबनीस म्हणून खटकायला हवं.

त्या वहीतल्या नोंदी वाचत बसावं अशा आहेत. ‘कै. सौ. आईच्या स्मरणार्थ, ज्येष्ठ वद्य पंचमी, गोड पदार्थ करावा, तिला श्रीखंड आवडे.’ ‘चि. नातवाच्या वाढदिवसाप्रीत्यर्थ.’ तो चिरंजीव आता चाळिशीला टेकला असेल. एका नोंदीपुढे फक्त ‘बाळ’ लिहिलंय आणि एकच तारीख. ती नोंद करणाऱ्या घरातून नंतर कुणी आलं नाही. त्या दिवशी ताई न चुकता खीर करतात, व्याज किती आलं ते विचारत नाहीत. अधिक महिना आला की कुठली तिथी कुठे धरायची यावरून विश्वस्तांच्या बैठकीत दर तिसऱ्या वर्षी वाद होतो. तो वाद मी मोठ्या आवडीने ऐकते, कारण त्यात पैशाचा विषय नसतो.

आता कंपन्यांबद्दल. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायचे, आणि आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं. सातपूर, अंबड, सिन्नर अशा औद्योगिक वसाहती उशाशी असलेल्या शहराला याचा फायदा व्हायलाच हवा, आणि झाला आहे. आमचं सौर पाणीतापक, मुलींचे पलंग, संगणकाची खोली, सगळं सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी काढलेल्या या पैशाचं. आधी कंपनीच्या मालकाच्या बायकोने दिवाळीला साड्या वाटल्या की समाजकार्य झालं असा जमाना होता. त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पण त्या पैशाला स्वतःचं घड्याळ असतं. डिसेंबरपर्यंत प्रस्तावांची देवाणघेवाण, फेब्रुवारीत मंजुरी, आणि मार्चमध्ये एकदम घाई, कारण वर्ष संपायच्या आत खर्च दिसायला हवा. चालू प्रकल्प म्हणून दाखवला तर रक्कम वेगळ्या खात्यात टाकून पुढे तीन वर्षं वापरता येते, पण त्याचे कागद वाढतात म्हणून पुष्कळ जण त्या वाटेला जात नाहीत. मग मार्चच्या विसाव्या तारखेला विचारणा होते, “मॅडम, दहा दिवसांत काय घेता येईल?” दहा दिवसांत वस्तू घेता येते. म्हणून आमच्याकडे वस्तू आहेत. पाणी शुद्ध करणारं मोठं यंत्र आलं, त्यावर यंत्राच्या अर्ध्या रुंदीची पाटी आली. दुसऱ्या वर्षी फिल्टर बदलायची वेळ आली तेव्हा कंपनीतले आधीचे साहेब पुण्याला बदलून गेले होते आणि नव्या साहेबांच्या यादीत पाणी नव्हतं, वृक्षारोपण होतं. फिल्टर बदलला तो माझ्या जुन्या मैत्रिणींच्या गटाने. महिन्याला दोनशे-दोनशे रुपये काढणाऱ्या बायका आहेत. त्यांची पाटी नाही, आणि त्यांना लावायचीही नाही, कारण नवऱ्यांना कळेल म्हणतात.

पगाराचा प्रश्न याहून चिवट. कायद्यात प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीने सीएसआरसाठी स्वतःच्या कार्यालयात केलेल्या खर्चाला आहे. संस्थेच्या कामावरच्या माणसांना ती लागू नाही. तरी टेबलापलीकडचा माणूस पुष्कळदा तीच मर्यादा आमच्या गळ्यात अडकवतो. “पगारात पैसे जाऊ नयेत, मुलींवर जावेत.” मुलींवर म्हणजे कशावर? नऊ वर्षांची मुलगी रात्री दोनला घाबरून उठते तेव्हा तिला कुशीत घेऊन बसणारी बाई हा मुलींवरचा खर्च आहे की प्रशासन? एका प्रस्तावात मी त्या मावशींना ‘रात्रकालीन मानसिक आधार सेवा’ असं लिहिलं. मंजूर झालं. मावशींना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग पगार वाढला का?”

आणि तो रकाना, ‘प्रति लाभार्थी खर्च’. एका दिवसात हजार दप्तरं वाटणारा कार्यक्रम आणि चाळीस मुली वर्षभर वाढवणारं घर एकाच तक्त्यात बसवलं की घर महागच दिसणार. एकदा तर एका कंपनीकडून आम्हाला खुलासा मागितला गेला: मागच्या वर्षी मुली त्रेचाळीस होत्या, यंदा अडतीस का? त्यातल्या पाच जणी आपापल्या घरी परतल्या होत्या. एकीच्या आईला काम लागलं, एकीची आत्या तयार झाली. बाल न्याय कायदा २०१५ सांगतो की मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय, आधी कुटुंब. ताईंनी त्या पाच घरांसाठी दोन वर्षं हेलपाटे घातले होते, बसभाडं खर्चलं होतं, एका आईला शिलाई मशीन मिळवून दिलं होतं. आमच्या लेखी ते वर्षातलं सर्वांत मोठं काम होतं. त्यांच्या तक्त्यात ती बारा टक्क्यांची घट होती. विचारणारी मुलगी चांगली होती, तिला पटलं, पण तिच्या वरच्या साहेबांना आकडा भरायचा होता. मूल घरी ठेवण्यासाठी दिलेल्या पैशाला ना इमारत दिसते, ना फीत कापता येते. सरकारच्या बालसंगोपन योजनेतून कुटुंबात राहणाऱ्या मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, तेवढ्यात भाडं आणि शाळा दोन्ही निघत नाही. वर थोडी भर घालणारा एखादा दाता मिळाला तर कितीतरी मुली आमच्याकडे येणारच नाहीत. पण ‘तुमच्या देणगीमुळे एक मुलगी आमच्या संस्थेत आली नाही’ असं आभारपत्र कसं लिहायचं?

सरकारी अनुदानावर फार लिहीत नाही. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या निकषांत बालगृहातल्या मुलामागे महिन्याला ३,००० रुपये धरले आहेत, दिवसाला शंभर. शंभरात दोन वेळचं जेवण, नाश्ता, साबण, तेल, कपडे. आणि ते कधी हातात पडतील त्यावर बेत आखायचा नसतो, एवढं कुठल्याही संस्थेचा हिशेबनीस सांगेल.

फोटोवरून मात्र आमची भांडणं होतात. वाढदिवसाचं जेवण द्यायला आलेलं कुटुंब केक आणतं, फुगे आणतं, आणि मग मोबाइल निघतात. बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. ताई हे हसतमुखाने सांगतात आणि मोबाइल टोपलीत ठेवायला लावतात. बहुतेक जण ऐकतात. एक गृहस्थ बिघडले. “मग मी दिलं याचा पुरावा काय?” मी म्हटलं, पावती. ते म्हणाले, पावती स्टेटसला कशी टाकणार? त्यांनी शेवटी फाटकाबाहेरच्या पाटीजवळ उभं राहून फोटो काढला. पाटी कोळिष्टकं काढून पुसून घेतली होती बरं त्यांनी.

केक कापताना टाळ्या वाजवायला लावणं ताईंनी बंद केलं त्यालाही काळ झाला. मोठ्या मुलींनीच सांगितलं होतं की अनोळखी मुलाच्या वाढदिवसाचं गाणं म्हणायला लाज वाटते. आता पाहुणे मुलींबरोबर पंक्तीला बसतात. ज्यांना हे जमतं ते परत येतात. कोपऱ्यातल्या एका भाजीवाल्या आजी अशाच जोडल्या गेल्या. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात बसतात. संध्याकाळी उठताना आमच्यासाठी एक पोतं बाजूला ठेवलेलं असतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा समजूत अशी की उरलेला माल असेल. पोतं उघडलं तर वांगी निवडलेली, मेथी निवडून जुडी बांधलेली, तळाशी आलं-कोथिंबीर वेगळ्या पिशवीत. “उरलेलं आम्ही गाईला घालतो,” आजी म्हणाल्या. द्राक्षाच्या दिवसांत निफाड-दिंडोरीकडून क्रेट येतात, मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची पोती, कांदा स्वस्त झाला की कांदाच कांदा. कांदा आमच्याकडे फुकट येतो तेव्हा तो पिकवणाऱ्याचं पोट जळत असतं, हे जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. ज्या वर्षी लासलगावला भाव पडतो त्या वर्षी आमचं कोठार भरलेलं असतं. त्या पोत्यांचीही पावती मी करते. शेतकरी हसतात, म्हणतात, “कशाला मावशी, आम्हाला कुठं टॅक्स भरायचाय.”

टॅक्सवाल्यांची वेगळीच तऱ्हा. ८०जी म्हणून सगळे ओळखतात ती सवलत आम्हाला आहे. देणाऱ्याला निम्म्या रकमेची वजावट मिळते, पण रोख २,००० पेक्षा जास्त दिली तर नाही. नवी करप्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू होणारी झाली, तिच्यात ही वजावटच नाही. मार्चमधले आमचे नेहमीचे काही फोन तेव्हापासून बंद झाले. मनात आलं, बरं झालं, खरे कोण ते कळलं. मग खात्यातली शिल्लक पाहिली आणि हा विचार परत घेतला. करासाठी दिलेल्या पैशाचंही पीठ येतं.

गुप्तदान हे आणखी एक प्रकरण. आपल्याकडे ते सर्वश्रेष्ठ. गळ्यात तुळशीमाळ घातलेले एक बाबा दरवर्षी एकादशीला पाकीट देऊन जातात, नाव विचारलं की हात जोडतात. आयकर कायद्यात मात्र निनावी देणगी एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांतली जी रक्कम मोठी असेल तिच्या पलीकडे गेली की वरच्या भागावर ३० टक्के कर आहे. निव्वळ धार्मिक न्यासांना ही अडचण नाही, देवळाची पेटी भरली तरी कुणी विचारत नाही. मुलींच्या पेटीला मर्यादा आहे. बाबांचं पाकीट त्या मर्यादेत आरामात मावतं, म्हणून मी त्यांना हा कायदा ऐकवलेला नाही.

परदेशातलं आम्ही घेत नाही. त्यासाठी केंद्रीय गृह खात्याकडे वेगळी नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून असा सगळा पैसा आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. इथल्या एका बागायतदाराची मुलगी अमेरिकेतून दर महिन्याला पाठवायची. पासपोर्ट भारतीय होता तोवर तिचे पगारातले पैसे बँकेमार्फत आले तर चालत होते. तिने तिकडचं नागरिकत्व घेतलं आणि तिची देणगी परदेशी झाली. तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. आता तिचे वडील देतात, स्वतःच्या खिशातून, थोडे कमी.

या सगळ्या देणाऱ्यांना एक सीमा ठाऊक नसते. मुलगी अठराची होते. त्या दिवसापर्यंत ती ‘बालिका’ असते, तिच्या नावावर जेवण, दप्तर, सायकल, सगळं मिळतं. दुसऱ्या दिवशी ती कुणाच्याच रकान्यात बसत नाही. कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे, पण राहायची खोली, अनामत रक्कम, नर्सिंगची फी, एक बरा मोबाइल, मुलाखतीला घालायचा एक चांगला ड्रेस, हे त्यात कितीसं बसणार. सहा वर्षांच्या मुलीला बाहुली आणणारे शेकड्यांनी भेटतात. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या खोलीचं भाडं देणारे मी बोटांवर मोजते, आणि त्यांतले निम्मे स्वतः कधीतरी खोली शोधत हिंडलेले असतात. एक तर सिडकोतला रिक्षावाला आहे.

गेल्या बैठकीत म्हणून मी विषय काढला की जुन्या तिथीवाल्यांना पत्रं लिहूया. ठेव वाढवता का विचारूया, किंवा अटीत थोडी ढील देता का, जेवणाऐवजी मोठ्या मुलींच्या शिक्षणाला वापरू देता का. अध्यक्ष नाराज झाले. “मेलेल्या माणसाच्या नावाने दिलेला पैसा, अन्नदानासाठी दिलेला. आपण कोण बदलणारे?” त्यांचं म्हणणं कायद्यानेही बरोबर आहे. ज्या हेतूने ठेव दिली त्या हेतूला ती बांधलेली असते, देणाऱ्याची लेखी संमती असल्याशिवाय काही हलत नाही. खजिनदार म्हणाले, विचारायला काय हरकत आहे? बराच वेळ गरमागरमी झाली आणि चहानंतर पत्रं पाठवायचं ठरलं, अध्यक्षांचा विरोध इतिवृत्तात नोंदवून.

पुष्कळ पत्रं परत आली. घरं विकलेली, वाडे पाडून इमारती झालेल्या, पंचवटीतले काही पत्ते तर टपालवाल्यालाही सापडले नाहीत. काहींनी ठेव वाढवली. एका बाईंनी कळवलं की सासूबाईंनी हा निर्णय घेताना आम्हाला विचारलं नव्हतं, आम्हीही काही कळवू इच्छित नाही. आणि पुण्याहून एकाचं उत्तर आलं, श्रीखंड आवडणाऱ्या त्या आईंच्या नातवाचं. आजीची तिथी राहू द्या, श्रीखंड नको, आजी स्वतः सातवीनंतर शाळेत गेली नाही, तेव्हा तिच्या नावाने कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीचा सिटीलिंक बसचा पास दर महिन्याला काढा, पैसे मी पाठवतो, जूनपासून सुरू करा. सोबत सहीचं संमतीपत्र आणि पॅन क्रमांक. त्याखाली ओळ: फळ्यावर नाव लिहायची गरज नाही, पण मुलींनी विचारलं तर सांगा.

पास नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला दिला. हिशेब तपासनीस आले तेव्हा त्यांनी त्या नोंदीवर बोट ठेवलं. कायम तिथीच्या वहीत बसभाडं? हे कुठल्या शीर्षाखाली घ्यायचं? मी संमतीपत्र पुढे केलं. ते म्हणाले, पत्र ठीक आहे, पण वहीत अन्नदान, शिक्षण, वैद्यकीय आणि किरकोळ एवढेच रकाने आहेत. शिक्षणात टाकलं तर ठेवीचं नाव बदलावं लागेल, आणि किरकोळमध्ये टाकायला मी तयार नव्हते. ताई मधेच म्हणाल्या, बसमधून उतरल्यावर ती डबाच खाते ना, टाका अन्नदानात. तपासनीस हसले नाहीत. पुढच्या बैठकीत पाचवा रकाना छापून घ्यायचा विषय ठेवला आहे, आणि छपाईचा खर्च कुठे दाखवायचा याची चौकशी अध्यक्षांनी आत्ताच केली आहे.